संगणक कामाचे नाहीत, हे 14 महिन्यांनी सांगून कसे चालेल?

प्रश्न : नाशिकला गंगापूर रोडवर माझे छोटे कार्यालय असून बिल्डर आणि आर्किटेक्ट यांना आम्ही थ्रीडी व्ह्यू करून देतो. मी आणि दोन सहकारी इतकेच आहोत. 14 महिन्यांपूर्वी येथील एका विक्रेत्याच्या सल्ल्याने तीन संगणक ₹5,40,000 ला घेतले. ग्राफिक्स कार्ड 16 जीबीचे आहे, पण प्रोसेसर सहा कोअरचा आणि रॅम 16 जीबी. आम्ही कोरोना या सॉफ्टवेअरवर रेंडर करतो, म्हणजे मॉडेलचे अंतिम चित्र तयार करतो, आणि एकेका व्ह्यूला रात्र जाते. विक्रेता म्हणतो, मशीन बिघडलेलेच नाही, तर वॉरंटी कशाची? पूर्ण पैसे परत मिळतील का?

उत्तर : पूर्ण पैसे परत मिळणार नाहीत असे धरूनच पुढचे वाचावे. या आशयाची पत्रे मला वरचेवर येतात आणि बहुतेकांत हीच चूक असते. वॉरंटी कार्डावर वाद घालण्यात महिने जातात, आणि जे कलम खरोखर निर्णायक आहे त्याची मुदत त्याच काळात हातची निघून जाते.

ते कलम म्हणजे माल विक्री अधिनियम, 1930 चे कलम 42. माल ताब्यात घेतल्यानंतर वाजवी मुदतीत तो नाकारल्याचे विक्रेत्याला न कळवता ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे कायदा मानतो. तुम्ही त्या यंत्रांवर वर्षभर कामे केली, त्यांची बिले ग्राहकांना पाठवली आणि विक्रेत्याला पहिला लेखी संदेश तेराव्या महिन्यात पाठवला. मधल्या काळात “फोनवर सांगत होतो” असे तुम्ही लिहिता. फोनवर काय बोलणे झाले ते विक्रेता कबूल करणार नाही आणि तुमच्याकडे त्याचा कागद नाही. दुसऱ्याच आठवड्यात चार ओळींचा ईमेल केला असता, तर आज हा सल्ला निराळा असता. माल स्वीकारल्यावर, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, तो परत करण्याचा मार्ग कलम 13 मुळे बंद होतो. कलम 59 खाली नुकसानभरपाई किंवा किमतीत कपात एवढेच मागता येते.

ती मागणी मात्र पोकळ नाही. कोरोना हे रेंडर इंजिन मुख्यतः प्रोसेसरवर चालते. अंतिम रेंडरचा भार ग्राफिक्स कार्ड उचलत नाही, त्यामुळे महाग कार्डाशेजारी सहा कोअरचा प्रोसेसर बसवणे हा तुमच्या कामापुरता उलटा हिशोब आहे. कोटेशनपूर्वी तुम्ही पाठवलेला संदेश मी दोनदा वाचला (त्यातील मॅक्स म्हणजे थ्रीडी मॉडेल बनवण्याचे सॉफ्टवेअर) : “आम्ही मॅक्स आणि कोरोनावर काम करतो, रेंडर रात्रभर लावावे लागू नये असे मशीन सुचवा.” त्याखाली विक्रेत्याचे उत्तर आणि कोटेशन आहे. कलम 16 खाली खरेदीदाराने उद्देश सांगितला, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला आणि तसा माल पुरवणे हा विक्रेत्याचा धंदाच असला, तर त्या उद्देशाला योग्य माल देण्याची गर्भित शर्त, म्हणजे न लिहिताही कायद्याने धरलेली अट, लागू होते. कोटेशनमध्ये कंपनीचे नाव आणि मॉडेल लिहिले असल्याने ही शर्त गळते, असे विक्रेत्याचे वकील नक्की म्हणतील. पण प्रवासाला सोयीची, आरामशीर गाडी मागणाऱ्याला विक्रेत्याने बुगाटी सुचवली, त्या 1925 च्या इंग्लंडमधील खटल्यात नाव घेतल्यामुळे शर्त गळत नाही, असेच ठरले होते. येथेही त्या निर्णयाचा आधार घेता येईल. इनव्हॉइसच्या मागे गर्भित शर्ती वगळणारे कलम छापलेले असेल, तर मात्र ते पाहिल्याशिवाय मी मत देणार नाही.

ग्राहक आयोगात जावे की दिवाणी न्यायालयात, यावर ठाम सांगता येत नाही. व्यापारी हेतूने घेतलेला माल ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधून वगळलेला आहे. स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्याला अपवाद आहे, आणि एक-दोन मदतनीस असल्याने तो जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात म्हटले आहे. पण तुम्ही जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतले आहे आणि खरेदी व्यापारी हेतूचीच होती हे दाखवायला समोरचा पक्ष तेच पुढे करील. आयोगात मुदत 2 वर्षांची, म्हणजे तुमच्याकडे 10 महिने उरले. दिवाणी दाव्याला 3 वर्षे आहेत, पण व्यापारी वाद म्हणून तो व्यापारी न्यायालयाकडे गेला, तर तातडीची दाद मागायची नसल्यास आधी मध्यस्थी सक्तीची. आयोगाने 3 महिन्यांत, आणि माल तपासणीस पाठवावा लागल्यास 5 महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. हे वाक्य ज्याने लिहिले त्याने आयोगाचा रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहिला नसावा.

रॅम आणि प्रोसेसर बदलून घेण्याचा तुमचा विचार योग्य आहे. नुकसान कमी करण्याचे साधन हाताशी असताना ते वापरले नाही, तर संविदा अधिनियमाच्या कलम 73 खाली तेवढी भरपाई कापली जाऊ शकते, आणि गेल्या 14 महिन्यांत गमावलेल्या कामांची मागणी याच कारणाने तोकडी पडेल. मात्र बदल दोनच यंत्रांत करा आणि त्याची बिले जपा, कारण तुमच्या भरपाईचा आकडा बहुधा त्या बिलांवरूनच ठरेल. तिसऱ्या यंत्राची पेटी उघडूही नका, ते आहे तसेच ठेवा. त्यावर आणि सुधारलेल्या यंत्रावर एकच सीन रेंडर करून लागलेला वेळ टिपा आणि रेंडर चालू असताना टास्क मॅनेजरचा पडदा तारखेसह टिपून ठेवा. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि कार्ड जवळपास रिकामे, हे त्यात दिसले पाहिजे. कोटेशनपूर्वीचे ते संदेश ज्या फोनवर आहेत तो विकू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र त्याच्याच आधारे द्यावे लागेल. विक्रेत्याला भरपाई मागणारी नोटीस या आठवड्यात स्पीड पोस्टाने जाऊ द्या. विक्रेत्याने पुन्हा फोनवर “बघतो” म्हटले, तर त्याच दिवशी ते त्याला लिहून पाठवा.