पदवीदानाचा दिवस: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलीला दोनच पास मिळाले आहेत आणि घरातून सहा जण यायला निघालेत. काय करावं?

जादा पासांची प्रतीक्षायादी असेल तर आजच नाव नोंदवा. नाकारलेले पास शेवटच्या काही दिवसांत परत वाटले जातात, त्यामुळे आशा लगेच सोडू नका. तरीही सगळ्यांना आत नेण्याचा अट्टहास नको. मंचावरचा क्षण काही सेकंदांचा, आणि त्यासाठी दोन-अडीच तास जागेवरून उठता येत नाही. गुडघे दुखणारे आजोबा आणि लहान मुलं समारंभ संपायच्या सुमारास थेट बाहेर भेटली, तर सगळेच सुखी. थेट प्रक्षेपण असेल तर बाहेरच्यांना मुलीचा क्रमांक आणि तिच्या विद्याशाखेची अंदाजे वेळ कळवून ठेवा. दोघं कोण, हे मात्र आधी ठरवा आणि सगळ्यांना एकदम सांगा. रुसवेफुगवे होतात ते बातमी एकाकडून दुसऱ्याकडे गेल्यामुळे.

भेटायची जागाही आधीच ठरवा. 'मेन गेटवर भेटू' असं प्रत्येक कुटुंब म्हणतं. हजारो माणसं एकदम बाहेर पडली की फोन लागत नाहीत. ग्रंथालयाच्या बाजूच्या पायऱ्या वगैरे आडबाजूची खूण निवडा. जेवणाचं टेबल छापील समाप्तीच्या वेळेनंतर दोन तासांनी सांगा: कार्यक्रम लांबतो, फोटो होतात, शिवाय भाड्याचा गाऊन परत करायची रांग असतेच.

प्रश्न: तालमीच्या दिवशी गाऊनवरचं हूड (गळ्यातून पाठीवर सोडायचा रंगीत अस्तराचा पट्टा) सारखं मागे सरकून गळ्याला आवळत होतं, टोपीही कपाळावर उतरत होती. उपाय?

हूडचं सगळं वजन पाठीवर असतं, म्हणून पुढची अरुंद पट्टी वर ओढली जाऊन गळ्याशी येते. त्या पट्टीला आतून बहुधा एक छोटा लूप असतो, आणि तो नेमका कुणाच्या लक्षात येत नाही. शर्टाच्या वरून दुसऱ्या किंवा तिसऱ्या बटणात तो अडकवा. साडी किंवा बिनबटणाचा कपडा असेल तर दोन्ही खांद्यांवर हूडचं अस्तर गाऊनच्या शिवणीला आतून सेफ्टी पिनने जोडा. पिन सॅटिनच्या दर्शनी बाजूने काढू नका, भोकं कायमची राहतात. आधी गाऊन, मग हूड, टोपी सर्वांत शेवटी. पाठीवर अस्तराचा रंग दिसतोय ना, हे दुसऱ्याकडून पाहून घ्या; स्वतःला ते दिसत नाही.

टोपीची चौकट जमिनीला समांतर हवी, आतली कड भुवयांच्या दोन बोटं वर. उंच अंबाडा टोपीला पुढे ढकलतो, म्हणून केस मानेलगत बांधा आणि टोपीच्या आतल्या पट्टीतून दोन्ही बाजूंना दोन-दोन पिना लावा. अनेक अमेरिकी विद्यापीठांत पदवी मिळाल्यावर गोंडा उजवीकडून डावीकडे घेतात. ही रीत सगळीकडे नाही, तेव्हा आपल्या विद्यापीठाच्या सूचना वाचा.

गाऊन पॉलिएस्टरचा असेल तर गरम इस्त्रीने चकाकणारे डाग पडतात. दोन दिवस आधी हँगरवर टांगा. उरलेल्या सुरकुत्यांवर उलट बाजूने, वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा.

प्रश्न: सभागृहात मोबाइलवर फोटो चांगले येत नाहीत. काही युक्ती?

फ्लॅश बंद ठेवा. तो मंचापर्यंत पोचत नाही, फक्त पुढच्या रांगेतली डोकी उजळतात. मागे अंधार आणि मंचावर झगझगाट असल्यामुळे कॅमेरा चेहरा पांढराफटक करतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवा आणि उजेड थोडा खाली ओढा. त्यापेक्षा फोर-के व्हिडिओ घेऊन नंतर त्यातली एक चौकट (फ्रेम) फोटो म्हणून काढणं बरं: ती सुमारे 8 मेगापिक्सेलची असते, लहान प्रिंटला भरपूर झाली.

घरच्यांसोबतचे फोटो मात्र समारंभाआधीच उरका. नंतर सगळे दमलेले असतात आणि गाऊन चुरगळलेला. भर उन्हात टोपीची सावली थेट डोळ्यांवर पडते, तेव्हा इमारतीच्या सावलीत, पण मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभे राहा. टोप्या उडवायच्याच असतील तर लहान मुलांना लांब ठेवा. चौकटीचे कोपरे कडक असतात, डोळ्याला इजा होऊ शकते.

प्रश्न: पदवी प्रमाणपत्र लॅमिनेट करून घ्यावं का?

नाही. चिकटवलेलं प्लास्टिक कागदाला इजा न होता निघत नाही, आणि साक्षांकन करताना कागद, शिक्का, सही तपासावी लागते. परदेशात वापरण्यासाठी 1961च्या हेग करारानुसार अपॉस्टिल (कागदपत्रावरची सही आणि शिक्का खरे असल्याचा सरकारी दाखला) घ्यायचं झालं, तरी लॅमिनेट केलेली मूळ प्रत अडचणीची ठरते. स्वस्त मऊ पीव्हीसी पाकिटात छपाईची शाई प्लास्टिकला चिकटते. पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट घ्या आणि प्रमाणपत्र अंधारात, सपाट ठेवा. भिंतीवर फ्रेम लावायची तर रंगीत प्रतीची. मंचावर मिळालेली गुंडाळी आधी उघडून पाहा, पुष्कळदा ती कोरी असते आणि खरं प्रमाणपत्र मागाहून येतं. ते हाती आलं की नावाचं स्पेलिंग त्याच दिवशी तपासा. दुरुस्तीची मुदत ठरलेली असू शकते, आणि उशीर झाला की कागदपत्रं वाढत जातात.