ऑनलाइन वादात कोणी उंचीवरून टोमणा मारला तर काय उत्तर द्यावं? बुटक्या पुरुषांची एवढी चेष्टा का होते?

प्रश्नाखाली तू लिहिलं आहेस की वय 23, उंची पाच-चार. आयपीएलमधल्या इम्पॅक्ट प्लेअरच्या नियमावर, म्हणजे सामना चालू असताना एक खेळाडू बदलता येतो त्यावर, वाद चालू असताना एकाने तुझा मित्रांबरोबरचा फोटो शोधून काढला आणि लिहिलं, "आधी पाच-आठ हो, मग क्रिकेटवर बोल." लोक हसले आणि तुझा मुद्दा तिथेच राहिला. वयाने लहान आहेस म्हणून एकेरीत लिहितो.

"दुर्लक्ष कर" असं सांगणारी उत्तरं इथे येतीलच. बहुतेक पाच-दहावाल्यांची असतील.

मी कराडचा. शिलाईचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं, फक्त पुरुषांचे कपडे. माझी उंची पाच-दोन, अनवाणी. दुकानाच्या चौकटीवर सेंटिमीटरची पट्टी मारलेली आहे, पोलीस भरतीच्या पोरांसाठी. पण ट्रायलला थांबलेला प्रत्येक गडी तिथे उभा राहून बघतोच. पाच-दहा सांगणारा पाच-आठ भरतो, पाच-आठ सांगणारा पाच-साडेसहा. टाचा उचलणारे महाभागही असतात. मी पॅन्टची उंची घ्यायला खाली वाकलेला असतो, मला टाच दिसते. पुरुष पगाराबद्दल बोलतील त्यापेक्षा जास्त खोटं उंचीबद्दल बोलतात, त्यामुळे इंटरनेटवर कोणी स्वतःची उंची लिहिली की मी मनातल्या मनात दोन इंच कापून वाचतो. तूही तसंच वाच.

आणि पाच-चार म्हणजे बुटका, हे तुला कोणी सांगितलं? भारतातल्या पुरुषाची सरासरी साधारण 165 सेंटीमीटर आहे, म्हणजे पाच-पाच. तू त्याच्या इंचभर खाली. तुझा पाच-आठवाला नेदरलँड्सला गेला तर तिथली सरासरी 183 च्या घरात आहे, तिथे त्याने कशावर बोलायचं ते तिथली माणसं ठरवतील.

आता माझं ऐक, कारण तुझा प्रश्न वाचून मला माझा मामेभाऊ आठवला.

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या भाचीसाठी आलेल्या स्थळाची चर्चा चालली होती. मुलगा जलसंपदा खात्यात कनिष्ठ अभियंता, निर्व्यसनी, घरची माणसं बरी. उंची पाच-चार. भाचीही पाच-चारच. मामेभाऊ पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, स्वतःला सहा फुटी म्हणवतो. त्याने लिहिलं, "जोडा शोभणार नाही. मुलीने टाचेची चप्पल घातली की फोटोत ती वर जाणार." मी विचारलं, मुलीला कोणी विचारलंय का? कोणीच विचारलं नव्हतं. बायोडाटा तिच्या आईच्या मोबाईलवर, फोटो मामाच्या मोबाईलवर, आणि मत पुण्याहून.

माझी बायको माझ्यापेक्षा इंचभर उंच आहे. आमच्या लग्नात फोटोग्राफरने मला पाटावर उभं केलं होतं. ती म्हणाली, "पाट काढा, फेटा आहे की." तो फोटो आजही भिंतीवर आहे आणि कोणाचे डोळे गेलेले नाहीत. हेही मी ग्रुपवर लिहिलं.

त्यावर मामेभावाचं उत्तर आलं, "तू यात पडू नको. तुझा स्वतःचा कॉम्प्लेक्स आहे, म्हणून तुला झोंबतंय." खाली स्टुलावर चढलेल्या पोराचं स्टिकर. आत्या हसली, दाजी हसले, माझा सख्खा चुलता, तो तर माझ्याच उंचीचा, तोही हसला. मी परत लिहिलं, "असेल माझा कॉम्प्लेक्स. पण मुलीला विचारलं का?" तर म्हणतो कसा, "बघा, चिडला."

ही मेख नीट बघ. गप्प बसलास तर मान्य केलंस. हसण्यावारी नेलंस तरी मान्यच केलंस. उत्तर दिलंस तर 'बुटकी माणसं तापटच असतात' याला तूच पुरावा झालास. उंच माणूस चिडला तर तो एखाद्या गोष्टीवर चिडतो, आपण चिडलो की म्हणे उंचीवर चिडतो. तुझ्या शब्दाला तुझी उंची चिकटवली की मग शब्द वाचायची गरजच उरत नाही. त्या गड्याला तुझी उंची किती याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला इम्पॅक्ट प्लेअरवर बोलायचं नव्हतं. त्या नियमामुळे अष्टपैलू खेळाडू मागे पडतात हा तुझा मुद्दा 2024 मध्ये रोहित शर्मानेही बोलून दाखवला होता. तो खोडायला क्रिकेट कळावं लागतं. फोटो शोधायला नुसतं बोट लागतं.

या खोडीला मोठी परंपरा आहे. ज्याच्या नावाने हा कॉम्प्लेक्स ओळखला जातो त्या नेपोलियनची उंची फ्रेंच मापात पाच फूट दोन इंच नोंदलेली होती. फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा, 2.7 सेंटीमीटरचा. हिशेब केला तर माणूस 168 च्या आसपास भरतो, त्या काळच्या फ्रान्समध्ये चारचौघांसारखा. त्याला ठेंगणा केला तो लंडनच्या जेम्स गिलरेसारख्या व्यंगचित्रकारांनी, पायात भले मोठे बूट आणि डोक्यावर हॅट देऊन. जो रणांगणात आवरत नव्हता त्याला कागदावर बोटभर काढला, आणि दोनशे वर्षं लोक तेच खरं धरून चाललेत. माप घेणारा माणूस म्हणून सांगतो, टेप कोणाचा आहे ते आधी बघावं.

मामेभावाचं दुसरं म्हणणं असं होतं की उंचीवरून भेदभाव वगैरे काही नसतं, हे आपल्या डोक्यातलं खूळ. माझी मुलगी मानसशास्त्र शिकते, तिने मला दोन-तीन गोष्टी दाखवल्या. अमेरिकेत मिशिगन राज्याच्या 1976 च्या कायद्यात उंचीवरून भेदभाव करायला बंदी आहे. न्यूयॉर्क शहराने 2023 मध्ये नोकरी आणि घरभाड्याच्या बाबतीत तसाच कायदा केला. खूळ असतं तर कायदा कशाला केला असता? टिमथी जज आणि डॅनियल केबल या संशोधकांनी 2004 मध्ये तिथले आकडे मांडले, एका इंचामागे वर्षाला 789 डॉलर पगाराचा फरक. मात्र अ‍ॅन केस आणि क्रिस्टिना पॅक्सन या अर्थतज्ज्ञांनी 2008 मध्ये म्हटलं की उंची आणि बुद्धीच्या चाचणीतले गुण, दोन्हींवर लहानपणच्या खाण्यापिण्याचा आणि आजारपणाचा परिणाम होतो, त्यामुळे हा सगळाच फरक पूर्वग्रहाच्या खात्यात टाकता येत नाही. हे दुसरं मला आवडलेलं नाही, पण मुलगी म्हणाली पहिलं सांगायचं तर दुसरंही सांगायचं.

स्थळाचं पुढे काय झालं? भाचीला विचारलं, शेवटी मीच विचारलं. ती नाही म्हणाली. मुलाचं पोस्टिंग गडचिरोलीला होतं आणि तिला इथली नोकरी सोडायची नव्हती. उंचीचा विषय काढला तर मला म्हणाली, "मामा, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं." आणि आमचा पुणेकर आजही प्रत्येक लग्नात जेवणाच्या टेबलवर सांगतो, "मी म्हटलं होतं ना, जमणार नाही." अरे, तू वेगळंच म्हटलं होतंस!

त्याचा लग्नातला सूट आमच्याच दुकानात शिवला होता. मापाची वही माझ्याकडे आहे. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं माप चारचौघांत सांगत नाहीत, विशेषतः कंबरेचं, म्हणून आकडा लिहीत नाही. सहा फूट नाही, एवढंच. दुकानात येताना तो चौकटीखाली वाकून येतो. वाकायची गरज नाही, वर भरपूर जागा आहे. पट्टीसमोर मात्र आजवर उभा राहिलेला नाही.

असो. तुझं उत्तर.

एकदाच लिहायचं, आणि त्याला नाही, बाकी वाचणाऱ्यांना. "उंचीवर आलात म्हणजे नियमाबद्दल तुमच्याकडे काही उरलेलं दिसत नाही. माझा मुद्दा असा होता," आणि खाली तुझा मुद्दा जसाच्या तसा पुन्हा चिकटव. नंतर तो काहीही बरळला तरी परत तोच मुद्दा. स्वतःची उंची सांगू नको, सरासरी सांगू नको, वर मी दिलेले आकडे तुझ्या माहितीसाठी आहेत, तिथे डकवायला नाहीत. 'उंच माणसाची अक्कल गुडघ्यात' हेही लिहू नको. मी म्हणतो ते, पण घरात. ग्रुपवर म्हटलं की आपण त्याच्याच पंगतीला जाऊन बसलो.

आणि सचिन-गावस्करांची यादी काढू नको. मोह मलाही होतो. 1971 ला वेस्ट इंडिजमध्ये चार कसोटींत 774 धावा काढणारा गावस्कर पाच-पाचच्या आतबाहेरचा, सचिनही तेवढाच, आणि हा म्हणतो पाच-आठ हो मग क्रिकेटवर बोल! आमच्या इथून गोळेश्वर सायकलच्या अंतरावर आहे, खाशाबा जाधवांचं गाव. 1952 ला हेलसिंकीत कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना 'पॉकेट डायनॅमो' म्हणायचे. हे सगळं लिहिताना माझी छाती फुगते. पण यादी दिली की आपणच कबूल करतो की बुटक्या माणसाने बोलायचं असेल तर आधी पदक आणावं. पाच-आठवाल्याने काय आणलंय? तो नुसता बोलतोय. तूही नुसता बोलू शकतोस.

स्वतःवरच आधी विनोद करून मोकळं व्हायचं, म्हणजे दुसऱ्याला संधी मिळत नाही, असं काही जण सांगतात. मला पटत नाही. माझा चुलता आयुष्यभर तेच करत आला, अजून त्याला कोणी शेतीच्या वाटणीत नीट बोलू देत नाही.

'चेष्टा का होते' याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. जातीवरून, रंगावरून बोललं तर निदान काही लोक तरी अडवतात, उंचीवरून बोललं तर कोणी अडवत नाही, हे एक कारण मला दिसतं. फुकटची चेष्टा कोण सोडतो?

खरा मार कुठे बसतो तेही सांगतो. पोलीस शिपाई भरतीला पुरुषांना 165 सेंटीमीटर लागतात. पोरं सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन पट्टीजवळ उभी असतात, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर उंची कमी भरते. एक पोरगा 164 च्या वर सूतभर होता. धावण्यात पहिला. बारला लोंबकळून झालं, कसलीशी पावडर खाऊन झाली. विशीनंतर हाडांची टोकं बंद झालेली असतात, पावडरीने फक्त विकणाऱ्याची वाढ होते. त्याला मी तेच सांगितलं. तलाठ्याच्या परीक्षेला उंची लागत नाही, तो तिकडे वळला. तो नियम मला पटतो असं नाही. पण तिथे आकडा आधी छापलेला असतो, वाद हरायला लागल्यावर काढलेला नसतो.

राहता राहिलं एक, आणि हे आधी लिहायला हवं होतं. एखाद्या मुलीला उंचच नवरा हवा असेल तर तो तिचा प्रश्न आहे. विवाह मंडळांच्या अर्जात उंचीचा रकाना पहिल्यापासून आहे, टिंडर या डेटिंग अ‍ॅपनेही 2025 मध्ये पैसे भरणाऱ्यांसाठी उंचीची पसंती देऊन बघितली. त्यावर रागावून, बायकांना शिव्या देणारी जी टोळकी नेटवर बसलेली असतात तिथे जाऊन बसू नको. तिथली पोरं उंचीने मार खाल्लेली असतात आणि नंतर तोंडाने मार खातात. पाच-नऊच्या मुलीला स्थळं बघताना काय ऐकावं लागतं ते एकदा विचारून बघ. पसंती वेगळी, आणि तुझं बोलणं उंचीवरून मोडीत काढणं वेगळं. माझा मामेभाऊ दोन्ही एकत्र करतो, तू करू नको.

फोटो काढून टाकू का असंही तू विचारलं आहेस. अजिबात नको. फक्त त्यात तू घातलेली पॅन्ट रेडिमेड असावी आणि खालून कापलेली असावी असं तुझ्या वर्णनावरून वाटतं, कारण पायाशी 'घड्या पडतात' असं तूच लिहिलं आहेस. रेडिमेड पॅन्ट खालून कापली की गुडघ्याचा आकार खाली नडगीवर जातो, मोरी, म्हणजे पायाशी असलेलं पॅन्टचं तोंड, रुंद राहते, आणि माणूस आहे त्यापेक्षा इंचभर ठेंगणा दिसतो. कापड घेऊन शिवून घे. गुडघा जागेवर ठेवायला सांग, मोरी अर्धा-पाऊण इंच आत घ्यायला सांग, आणि पॅन्टची उंची बूट घालून दे.