शुक्रवारच्या कराओकेपूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ओसाकातील कचेरीत रुजू होऊन महिना होत नाही तोच सहकाऱ्यांनी शुक्रवारी कराओकेला चलण्याचा आग्रह धरला, आणि "मला गाता येत नाही" हे वाक्य जपानीत अदबीने कसे म्हणावे, एवढेच तू मला विचारले आहेस. ते वाक्य मी तुला सांगणार नाही. 'ओन्ची', म्हणजे सुराचा गंध नसलेली, असे तिथे बरीच माणसे स्वतःविषयी म्हणतात आणि म्हणून झाले की निमूट गातात. त्यामुळे त्या सबबीवर तुझी सुटका होण्यासारखी नाही. त्यापेक्षा गाणे नीट निवडावे, कारण न गाणाऱ्या मुलींची फजिती बहुधा आवाजामुळे होत नाही, निवडीमुळे होते.

माझीही झाली होती. संथ गाणे सोपे असणार, अशा समजुतीने मी पहिल्याच खेपेला नात्सुकावा रिमी यांनी २००१ साली गायलेले 'नादा सोसो' निवडले. शब्द हळूहळू येतात आणि पडद्यावरची अक्षरे वाचायला सवड मिळते, इथपर्यंत माझा हिशेब बरोबर होता. परंतु संथ गाण्यात ओळीच्या शेवटी सूर धरून ठेवावा लागतो, आणि तिथे श्वास पुरला नाही तर लपायला जागाच उरत नाही. ध्रुवपदाला चाल वर चढली आणि माझा आवाज फाटला. शेजारच्या बाई तोवर उत्साहाने खंजिरी वाजवत होत्या. त्यांनी हात थांबवला आणि एकही झांज वाजू न देता ती खंजिरी अलगद मांडीवर ठेवली. कोणी हसले नाही; हसले असते तर बरे झाले असते.

तेव्हा संथ गाण्याचा मोह धरू नकोस. नवख्या गळ्याला मध्यम लयीचे, तोकड्या ओळींचे आणि फार वर न चढणारे गाणे मानवते. या कसोटीला उतरणारे पहिले नाव पफी या दोघींच्या जोडीचे आहे. १९९६ साली आलेले त्यांचे 'आजिआ नो जुन्शिन' इनोउए योसुई यांनी लिहिले आणि ओकुदा तामिओ यांनी चाल लावली. दोघी बहुतांशी एकाच सुरात, बोलल्यासारख्या सरळ आवाजात गातात. गळ्याच्या हरकती नाहीत, कंप नाही, ओढूनताणून आणलेला भाव नाही. गाण्याच्या सुरुवातीला तर नुसती गावांची आणि देशांची नावे आहेत, त्यामुळे कांजीची, म्हणजे चित्रलिपीतल्या अक्षरांची, धास्ती निम्मी तिथेच सरते. शिवाय दोन माइक घेऊन गायचेच हे गाणे असल्याने एखाद्या सहकारी मैत्रिणीला सोबत ओढता येते, आणि तसे करण्यात काही कमीपणा नाही.

एकटीने गायचे झाल्यास आइम्योन यांचे २०१८ मधले 'मारीगोल्ड' पाहा. त्यांचा आवाज खर्जाकडे झुकणारा आहे, आणि ज्या मुलींना वरचे सूर लागत नाहीत त्यांना या गायिकेचा मोठाच आधार वाटतो. (मारीगोल्ड म्हणजे आपला झेंडूच, दसऱ्याची तोरणे आठवून हसू आले तर ते ध्रुवपदाआधी आवरावे.) पुरुषांची गाणी वर्ज्य मानू नयेत. स्पिट्झ या वाद्यवृंदाचे १९९६ मधले 'चेरी' बायका आवडीने गातात, कारण मूळ गायकाचाच आवाज उंच आहे. साहेब पन्नाशीपुढचे असतील तर आराई युमी यांचे १९७४ मधले 'यासाशिसा नी त्सुत्सुमारेता नारा' घ्यावे. ते १९८९ मध्ये 'किकी' या चित्रपटात वापरले गेल्यामुळे तरुणांच्याही कानावर असते. अगदीच धीर झाला नाही, तर 'तोतोरो' चित्रपटातले 'सान्पो' आहे. ते तिथल्या मुलांनी बालवाडीपासून म्हटलेले असते, त्यामुळे तू पहिली ओळ उचललीस की उरलेली खोलीच म्हणते.

आता पट्टीविषयी, कारण इथे तुझे पेटीचे शिक्षण उपयोगी पडेल. यंत्राच्या पाटीवर 'की' असे लिहिलेली अधिक-उण्याची कळ असते. ती एकदा दाबली की सूर अर्ध्या स्वराने हलतो, म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून शेजारच्या एका पट्टीवर सरकतो. तुझी काळी चार गुरूंनी ठरवून दिली होती ना? मूळ गायिकेच्या पट्टीत गाण्याची सक्ती तुला इथे कोणी केलेली नाही. गाण्यातला सर्वांत उंच सूर आधी गुणगुणून पाहावा, आणि तो बोलण्याच्या आवाजात लागेपर्यंत दोन किंवा तीन वेळा उणे दाबावे. मात्र पट्टी इतकीही उतरवू नये की अंतऱ्याच्या खालच्या ओळी घशातच राहतील. कमी आत्मविश्वास असलेल्या मुली नेमकी हीच चूक करतात आणि मग आपला आवाजच नाही, असे समजून बसतात.

तू भूप शिकली आहेस, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. जपानी संगीतात 'योनानुकी' नावाची स्वरपंक्ती आहे. तिचा अर्थ 'चौथा आणि सातवा वगळून' असा होतो, म्हणजेच भूपासारखे मध्यम आणि निषाद वर्ज्य. साकामोतो क्यू यांचे १९६१ मधले 'उए ओ मुइते आरुकोओ', जे १९६३ साली अमेरिकेतल्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, त्याची मुख्य चाल बरीचशी याच सुरांत फिरते. ते तुझ्या गळ्यात आधीपासूनच बसलेले आहे, असे समज. फक्त मींड आणि मुरकी घरी ठेवून जा. यंत्र गुण देताना खालून सूर उचलण्याला 'शाकुरी' आणि मुरकीसारख्या वळणाला 'कोबुशी' म्हणून मोजत असले, तरी या गाण्यांना सरळ सूरच शोभतो.

शब्द देवनागरीत लिहून घ्यावेत, पण मात्रा जपानी ठेवाव्यात. 'सान्पो' हा शब्द आपल्या जिभेला दोन अक्षरांचा वाटतो. तिथे तो सा, न्, पो असा तीन मात्रांचा असतो आणि मधल्या 'न्'ला पुष्कळदा स्वतःचा सूर मिळतो. 'आरुकोओ'मधला शेवटचा 'ओ'ही असाच पूर्ण मोजायचा. चाल बरोबर असूनही आपण ओळीत पुढे निघून जातो, त्याचे कारण बहुधा या गिळलेल्या मात्रांत असते.

गुरुवारी संध्याकाळी एकटीच जाऊन तासभर खोली घे. याला तिथे 'हितोकारा' म्हणतात आणि त्यात विचित्र काही नाही. अशा बंद खोल्यांची सुरुवात १९८५ च्या सुमारास ओकायामात मालवाहू डब्यांपासून झाली. हे तेच ओकायामा, ज्याच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान उभे आहे. खोलीत गेल्यावर 'गाइड मेलडी' चालू कर, म्हणजे चाल एका बारीक सुरावटीत ऐकू येत राहील. गुण देणारी सोय बंद ठेव. प्रतिध्वनी कमी कर, कारण त्याने आवाज गोड झाल्याचा भास होतो पण आपला सूर आपल्यालाच ऐकू येत नाही. माइक तोंडाजवळ धर. भित्री मुले तो हनुवटीखाली नेतात आणि मग ओरडावे लागते.

शुक्रवारी पहिल्या अर्ध्या तासातच गाऊन मोकळी हो. त्या वेळी निम्मे लोक पाटीवर स्वतःचे गाणे शोधण्यात गुंतलेले असतात, आणि मीशा किंवा आदो या दमदार गायिकांची गाणी तोलून म्हणणारी कोणी अजून उभी राहिलेली नसते. गुरुवारी 'मारीगोल्ड' किती उण्यावर जमले, ते मला कळव. मी स्वतः उणे तीनवर गाते.

तुझी,
मावशी