मुलगा सारखा डोळे मिचकावतो, मान झटकतो, घशातून आवाज काढतो. हा टुरेट असेल का? कायमचा बरा होईल का?

ताई, मुलगा दहा वर्षांचा, दीड वर्षापासून हे चाललंय आणि निपाणीच्या शाळेतले सर म्हणतात 'मुद्दाम करतो', असं तुम्ही लिहिलंय. मुद्दाम करत नाही हो. मी वडगावचा, बेळगावातला. चाळिशी उलटली, आणि सातव्या वर्षापासून हे माझ्या मानेत बसलंय.

शिंक यायच्या आधी नाकात जसं हुळहुळतं, तसं मानेत उजवीकडे होतं. झटका दिला की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, मग परत तेच. थोडा वेळ दाबून धरता येतं. शाळेत मी धरायचो आणि घरी दप्तर खाली ठेवायच्या आत सगळं उफाळून यायचं. आई म्हणायची, "शाळेत बरा असतोस, घरातच कसं रे होतं तुला?"

मग मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, सौंदत्तीला जाऊन यल्लम्माचा भंडारा लावून झाला. आईला दोष देत नाही. टिक्स, म्हणजे हे न ठरवता होणारे झटके आणि आवाज, आपोआप कमी-जास्त होतात. दोन महिने गप्प बसल्या की शेवटी जो उपाय केला असेल त्याला श्रेय. म्हणून कुणी 'आठ दिवसांत मुळापासून' म्हणालं तर पैसे देऊ नका.

नाव कळलं चोविसाव्या वर्षी, धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत. अठराच्या आत सुरुवात, हालचालीच्या एकाहून जास्त टिक्स, आवाजाची निदान एक, आणि वर्षाच्या वर चाललेलं असेल तर टुरेट म्हणतात. तुमच्या वर्णनावरून तसं वाटतंय, पण ठरवणार डॉक्टरच. तोंडातून शिव्या येतात ते थोड्यांनाच. मला कधी आल्या नाहीत. (रागावल्यावर येतात, त्या वेगळ्या.)

कायमचं औषध नाही. मला रिस्पेरिडोन दिलं होतं, त्यानं झटके कमी झाले, पण वजन वाढलं आणि दुपारी डोळे मिटायला लागले. डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडलं. जास्त उपयोग झाला तो हॅबिट रिव्हर्सलचा, म्हणजे झटक्याच्या जागी दुसरी हालचाल करायच्या सरावाचा: हुळहुळ आली की हनुवटी किंचित खाली, मानेचे स्नायू घट्ट, आणि ती लाट ओसरेपर्यंत तसंच थांबायचं. हे शिकवणाऱ्याकडूनच शिकावं. बहुतेक मुलांत दहा-बारा वर्षांच्या सुमारास जोर असतो आणि विशीपर्यंत बराच उतरतो. माझा उतरला, गेला नाही.

पण मला खरा आराम कुठे मिळाला सांगू? मागावर. यंत्रमागाच्या खटखटीत माझा घशातला आवाज शेजारच्यालाही ऐकू जायचा नाही. आणि तुटलेला धागा जोडताना मान आपसूक शांत. तुमच्या पोराचे हात कशात रमतात ते बघा. आणि टिक आली की 'थांब, करू नकोस' म्हणू नका. म्हटलं की वाढतं. सरांना चिठ्ठी द्या आणि वर्गात दोन मिनिटं बाहेर जाऊन यायची मुभा मागा.

आणि डॉक्टरांकडे जायच्या आधी मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, त्याला सांगून. धारवाडला पहिल्यांदा गेलो तेव्हा कन्नडमध्ये 'कुत्तिगे', म्हणजे मान, एवढाच शब्द आठवला. म्हटलं करूनच दाखवतो. तर अर्धा तास बसलो डॉक्टरांसमोर, मान हलायलाच तयार नाही.