दुकानदाराने बसवलेली कार सीट हलते: वजन, पट्ट्याचा मार्ग आणि "इतकं हलतंच"

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी कटकट लगेच ओळखू आली. मुलगी २० महिन्यांची, वजन १०.४ किलो, सीटवर '० ते २५ किलो' लिहिलेलं, दुकानातल्या माणसाने ती पुढे तोंड करून गाडीच्या पट्ट्याने बांधून दिली, वळणावर सीट सरकते, आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "इतकं हलतंच." हे शेवटचं वाक्य आम्हीही एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकलंय, त्यामुळे खालचा मजकूर थोडा लांबला आणि थोडा तापलेलाही आहे.

आधी हे सांगतो की मी या कामाचा प्रमाणित तपासनीस नाही. तुमच्या सीटची पुस्तिका आणि गाडीची पुस्तिका माझ्यापेक्षा वरचढ. दोन्हींत जे लिहिलंय ते माझ्या म्हणण्याविरुद्ध असेल तर पुस्तिकेचं ऐका.

'० ते २५' ही एक सीट नसून एकाच साच्यात तीन सीट आहेत, आणि दुकानदार नेमकं हेच सांगत नाहीत. जुन्या युरोपीय आर४४ नियमानुसार (एआयएस-०७२ हे आपलं भारतीय मानक त्याच धर्तीचं) अशा सीटचे टप्पे बहुधा असे असतात: १३ किलोपर्यंत मागे तोंड, ९ ते १८ किलो पुढे तोंड आणि सीटचाच हार्नेस (मुलाला बांधायचे सीटचे स्वतःचे पट्टे), १५ ते २५ किलोला हार्नेस काढून गाडीचा पट्टा थेट मुलाच्या अंगावरून. टप्पे एकमेकांवर चढलेले आहेत आणि तिथेच घोळ होतो. ९ किलोला सीट फिरवायला परवानगी मिळते, सक्ती नसते. तुमची मुलगी १०.४ किलोची, म्हणजे ती मागे तोंड करून बसायला हवी, १३ किलोची मर्यादा येईपर्यंत. या वयात मुलं वर्षाला साधारण दोन-अडीच किलोने वाढतात, म्हणजे वर्षभर तरी सीट फिरवायची घाई नाही. पाय मागच्या सीटला टेकतात, दुमडतात, हे कारण धरू नका. उंचीचं कारण मात्र खरं: डोकं आणि सीटच्या वरच्या कडेत अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी जागा उरली तर मागे तोंड करून बसवणं थांबवायचं, वजन काहीही असो.

खोक्यावर वय छापलेलं असतं ते डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे चार वर्षांची बरीच मुलं १५ किलोच्या आतच असतात आणि खोक्यावर '४+' वाचून त्यांना बूस्टरवर (हार्नेस नसलेल्या, फक्त उंची देणाऱ्या सीटवर) बसवलं जातं. घरच्या काट्यावर मुलीला घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. दर दोन महिन्यांनी.

आता हलण्याबद्दल. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण "इतकं हलतंच" हे उत्तर देणाऱ्याने सीट कुठे धरून हलवली, हे कुणी विचारतच नाही. मागे तोंड केलेली सीट वरच्या टोकाला धरून हलवली तर ती हलणारच, त्यात दोष नाही. तपासायची जागा म्हणजे पट्टा जिथून जातो ती. तिथे एका हाताने, नेहमीच्या जोराने, डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे ओढा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर बांधणी चुकलेली आहे. तुम्ही लिहिलंय की सीट 'वळणावर दरवाजाकडे जाते'. हे नक्कीच अडीच सेंटिमीटरच्या वर आहे.

कारण बहुधा दोनपैकी एक, किंवा दोन्ही.

पहिलं: पट्टा चुकीच्या मार्गाने गेलाय. सीटच्या कडेला बघा, निळ्या खुणा आणि लाल खुणा दिसतील. निळ्या मागे तोंडासाठी, लाल पुढे तोंडासाठी. पुढे तोंड करून पट्टा निळ्या खाचांतून ओढला की तो सीटच्या पुढच्या भागाला धरतो आणि पाठीचा अख्खा भाग मोकळा राहतो. दुकानात हे सर्रास होतं, कारण निळ्या खाचा समोर दिसतात आणि लाल मार्ग पाठीमागच्या फटीतून जातो, तिथे हात घालायला कुणी तयार नसतं.

दुसरं: आपल्या गाड्यांचा मागचा पट्टा बहुतेक वेळा फक्त झटका बसला तरच लॉक होतो. एरवी तो हळूहळू सैल सुटत राहतो. सकाळी घट्ट बांधलेली सीट संध्याकाळी ढिली लागते ती यामुळेच. तुमचा पट्टा कोणता हे बघायचं तर तो हळूच पूर्ण बाहेर ओढा आणि आत जाऊ द्या. आत जाताना टकटक आवाज आला आणि पुन्हा बाहेर येईना, तर तो लॉक होणारा आहे. आवाज नाही, सहज बाहेर येतो, तर लॉक करायचं काम सीटवरच्या चिमट्याने करायचं. हा चिमटा बहुतेक लाल रंगाचा, दोन्ही बाजूंना एकेक, पण वापरायचा एकच. कोणता, हे सीट गाडीच्या कुठल्या बाजूला आहे यावर ठरतं, पुस्तिकेत चित्र असतं. चिमट्यात कुठला पट्टा घालायचा हेही त्याच चित्रात बघा. बहुतेक सीटमध्ये खांद्याचा असतो.

बांधताना क्रम असा ठेवा. सीट पुस्तिकेत सांगितलेल्या कलत्या खाचेत. पट्टा पीळ न पडता मार्गातून, बकल खट्ट. मग गुडघा सीटमध्ये टेकवून अंगाचं वजन टाका, आधी कमरेचा भाग बकलकडून ओढून घ्या, मग खांद्याचा भाग वर रिळाकडे (पट्टा गुंडाळला जातो तिकडे), आणि वजन न काढता चिमटा लावा. वजन काढून मग चिमटा लावला की मिळवलेलं सगळं गेलं.

पण एवढं करूनही सैल राहिलं तर सीट कव्हर बघा. आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते हेच. त्या सर्व्हिस सेंटरने, गाडी देतानाच बसवलेल्या जाड फोमच्या रेक्झिन कव्हरकडे बोटही दाखवलं नाही, उलट 'या मॉडेलला आयसोफिक्स नाहीच' असं ठामपणे सांगितलं. आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीच्या पट्ट्याऐवजी मुलाची सीट थेट गाडीला अडकवायच्या, कड्या होत्या. पाठ आणि बैठक यांच्या फटीत, एकमेकींपासून २८ सेंटिमीटरवर, आणि त्यांच्यावरून कव्हर शिवून टाकलेलं होतं. गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह पान होतं, ते उघडायची तसदी काउंटरवरच्या कुणीही घेतली नाही. तक्रार लिहून दिली तर ती 'अॅक्सेसरीज विभागाची बाब'. अॅक्सेसरीज विभाग म्हणे, 'सुरक्षा सर्व्हिसकडे'. लहान मुलाच्या सुरक्षेला कुठल्याच काउंटरवर मालक नाही, याची चीड अजून आहे.

तर, मागच्या सीटचं ते कव्हर काढा. फोम दाबला जातो, मुलीच्या वजनाने आणि रस्त्यातल्या खड्ड्यांनी अजून दबतो, आणि पट्ट्यात तेवढीच ढील येते. रेक्झिन गुळगुळीत असतं, त्यावर सीट घसरते ती वेगळी. कव्हर जाईल, शोभा जाईल, जाऊ द्या. खाली घडी घातलेलं ब्लँकेट, गोधडी, उशी यांतलंही काही घालू नका.

आयसोफिक्सवाली सीट पुढे कधी घेतलीत तर दोन गोष्टी. कड्यांवर भार मोजताना मूल आणि सीट दोन्ही धरतात, एकूण ३३ किलोपर्यंत. जड सीट घेतली की मुलाला मर्यादा लवकर येते. दुसरं, टॉप टेदर (सीटच्या वरच्या टोकापासून गाडीतल्या हुकापर्यंत जाणारा पट्टा) किंवा खाली टेकणारा पाय, यांतलं सीटला जे दिलंय ते वापरायचंच. टेदरचा हुक डिकीतल्या सामानाच्या हुकला अडकवू नका. खरा हुक नांगराच्या चिन्हाने दाखवलेला असतो. टेकणारा पाय त्या जाड लुसलुशीत '७डी' मॅटवर नको, मॅट काढून थेट तळावर टेकवा. तळात झाकणाखाली सामानाचा कप्पा असेल तर पुस्तिका वाचल्याशिवाय पाय त्यावर ठेवू नका.

तुमच्या बाबतीत एक अडचण येऊ शकते. मागे तोंड करून बांधताना पट्टा जास्त लांब लागतो, आणि छोट्या हॅचबॅकमध्ये बकलपर्यंत पोचत नाही. अशा वेळी ऑनलाइन मिळणारी पट्टा लांबवणारी क्लिप कृपा करून घेऊ नका, ती या कामासाठी तपासलेली नसते. बकलमध्ये खोचून सीटबेल्टचा अलार्म बंद करणाऱ्या क्लिपा विक्रीतून काढा, असे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या संकेतस्थळांना दिले, तरी असला माल कुठून कुठून येतच राहतो. मागची दुसरी बाजू वापरून बघा, पट्ट्याची लांबी दोन्हीकडे सारखी नसते. मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असेल तर ती जागा सोडा. पुढच्या सीटवर मागे तोंड करून तर अजिबात नाही, समोर चालू एअरबॅग असते.

हार्नेसबद्दल थोडक्यात. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून, पुढे तोंड झाल्यावर रेषेत किंवा किंचित वरून. आधी मांड्यांवरची ढील काढा, मग हार्नेस घट्ट करायचा समोरचा पट्टा ओढा. गळ्याच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरून बघा, घडी पडली तर अजून सैल आहे. स्वेटर घालून हार्नेस नको, आधी बांधा, मग वरून शाल. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाला तर हार्नेस बसतच नाही, पायांच्या मधला पट्टा जाणार कुठून? उन्हात उभी गाडी असेल तर बकलवर आधीच फडकं टाकून ठेवा, मेमध्ये त्याचा चटका बसतो आणि मूल पुढचे आठ दिवस सीटचं नाव काढू देत नाही.

आजी मांडीवर घेऊन बसते म्हणते, त्याबद्दल तुम्ही लिहिलंय. तिला हा हिशेब दाखवा: ताशी ५० च्या वेगातली गाडी एक दशांश सेकंदात थांबली तर १०.४ किलोच्या मुलीचा ओढा सुमारे दीडशे किलोच्या वजनाएवढा होतो. कुणाचेच हात ते धरू शकत नाहीत, कितीही माया असो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बीखाली १४ वर्षांखालचं मूल बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड आहे, पण घरातला वाद दंडाने मिटत नाही, हिशेबाने मिटण्याची शक्यता जास्त.

आता आधी कव्हर काढा, सीट मागे फिरवा, निळ्या मार्गातून पट्टा घाला आणि बकल खट्ट झाल्यावर रिळात किती पट्टा शिल्लक राहतो ते इथे लिहा. बकलचं धातूचं तोंड सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर आडवं येत असेल तर त्याचा फोटोही टाका, तसं असेल तर मागच्या दुसऱ्या बाजूला बांधून बघावं लागेल.