मुरताना चीज मिठाच्या पाण्यात का बुडवतात, त्याने चव खरंच सुधारते का?

हो, सुधारते, पण पाण्यात मीठ पुरेसं हवं. आमच्या रत्नागिरीत बरणीत खारातल्या कैऱ्या घालतात ना, मीठ कमी पडलं की त्या लिबलिबीत होतात, तसंच हे. ग्रीसचं फेटा चीज निदान 2 महिने मुरवतात, खाऱ्या पाण्यात बुडून राहिल्याने त्याला साल धरत नाही, नासवणारे जंतू दबतात आणि ती मस्त आंबट-खारट चव येते. मी एकदा तुकडा साध्या पाण्यात ठेवला तर बाहेरून बुळबुळीत, कारण त्यातलं कॅल्शियम पाण्यात उतरतं. स्पेनच्या मुर्सियात तर शेळीच्या दुधाचं चीज रेड वाईनमध्ये बुडवतात, साल जांभळी आणि आत पांढरंशुभ्र, कापलं की बघतच राहावं! फेटा फार खारट वाटलं तर खायच्या आधी थोडा वेळ दुधात ठेवा.