दोनशे तासांत नेमकं काय शिकवतात, ते विचारा

प्रश्न : मुलगा फिजिक्स-मॅथ्स घेऊन बारावी झाला. एक फ्लाइंग स्कूल दहा महिन्यांत सीपीएलची (व्यावसायिक पायलटच्या लायसन्सची) हमी देतंय. पण नव्या पायलटांचा हात कच्चा असतो असं ऐकतो. स्कूल कसं पारखावं? – एक पालक, सांगली

उत्तर : ऐकलंत ते अगदीच खोटं नाही. २००९ साली एअर फ्रान्सचं ए३३० अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचून ऑटोपायलट सुटला. नळ्या मिनिटभरात मोकळ्या झाल्या, पण तोवर को-पायलटने नाक वर ओढलं होतं आणि स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत असल्याचा, इशारा वाजत असतानाही तो ओढतच राहिला. तो नवखाही नव्हता.

एअरलाइनमध्ये बहुतेक वेळ ऑटोपायलटच उडवतो. त्यामुळे हात तयार होतो तो सीपीएलच्या २०० तासांतच. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन, लागतात. ते नुसते घिरट्या घालून भरले, तर लायसन्स मिळतं, हात कच्चाच राहतो.

सेसना १७२ या छोट्या शिकाऊ विमानावर स्टॉल कसा शिकवता, हे इन्स्ट्रक्टरला सरळ विचारा. स्टॉलमधून बाहेर पडताना योक (नाक वर-खाली करणारं हँडल) आधी पुढे, मग इंजिनाची पॉवर. एक पंख पडला तर नाकाचं वळण रडरने (शेपटावरच्या, पायाने हलवायच्या पात्याने) थोपवायचं, वेग आल्यावर पंख समतल. समोर जमीन दिसत असताना योक पुढे ढकलायला मन धजत नाही. म्हणूनच हे दोन-चारदा दाखवून भागत नाही, पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. बाजूच्या वाऱ्यातलं लँडिंग आणि इंजिन बंद पडल्याचा सरावही किती होतो, ते विचारा.

दहा महिन्यांची हमी मात्र मला पटत नाही. बारामती असो, धुळे असो की गोंदिया, पावसाळ्यात कित्येक दिवस ढग खालीच असतात. ताफा किती हे विचारू नका. आज उडण्याजोगी विमानं किती, विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती, ते विचारा. मागच्या बॅचला प्रत्यक्षात किती महिने लागले, हे स्कूलच्या ऑफिसात नको, त्या मुलांनाच विचारा.

विद्यार्थ्याच्या लॉगबुकातले तास विमानाच्या टेक लॉगशी, म्हणजे विमानाच्या स्वतःच्या नोंदवहीशी, जुळले पाहिजेत. इंधनावरूनही अंदाज येतो, सेसना १७२ तासाला साधारण ३०-३५ लिटर पिते. 'पार्कर पेनचे तास', म्हणजे न उडता नुसते पेनाने लिहिलेले तास, कुणी सुचवले, तर तिथून उठा. पकडलं गेलं तर लायसन्स जातं.

पैसे भरण्याआधी क्लास २ आणि मग क्लास १ मेडिकल (पायलटसाठीच्या वैद्यकीय तपासण्या) करून घ्या. फी एकरकमी देऊ नका. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते लेखी ठरवून घ्या.